भट्टीतून निघालेली सुई

माझे नाव विश्वनाथ रामचंद्र पोतदार. वय एक्याऐंशी वर्षे पूर्ण. शालेय शिक्षण जुनी सातवी. त्यापुढील सर्व वाचन मी शब्दकोश शेजारी ठेवून, स्वतःच्या हिमतीवर केलेले आहे. कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात मी अडतीस वर्षे प्रयोगशाळा परिचर होतो.

एकाच खोलीत इतकी वर्षे काढलेल्या माणसाजवळ किस्से आपोआप साठतात. कपाटामागची धूळ कोणी आणून टाकलेली नसते, तरी ती तेथे असते, तसेच हे. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर आम्ही चार निवृत्त मंडळी बसतो. तेथे कोणी तरी म्हणतेच, "मामा, त्या बेडकाच्या बाईंचं सांगा की." मग मी सांगतो. मंडळी हसतात. मात्र त्यांतला शेवटचा किस्सा मी त्यांना आजवर कधी सांगितलेला नाही. येथे तो लिहिणार आहे.

*

एकोणीसशे सत्तरचे दशक संपत आले होते. उन्हाळ्याची सुट्टी संपता संपता शैलजा देसाई नावाच्या संशोधक बाई आमच्या विभागात आल्या. घर गडहिंग्लजचे, वय सव्वीसच्या आसपास. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी काही महिने काम केले होते. तेथून त्यांनी बर्फाच्या पेटीत घालून एक बोटभर नळी आणली होती आणि त्या नळीत, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, सशाचा निरोप होता.

मला त्यांनी जे समजावले ते मी माझ्या पद्धतीने असे लिहून ठेवले आहे. प्रत्येक पेशीच्या गाभ्यात एक मूळ ग्रंथ असतो. तो बाहेर नेण्यास मनाई असते. म्हणून हव्या त्या पानाची नक्कल करून ती बाहेर पाठविली जाते आणि त्या नकलेबरहुकूम प्रथिन तयार होते. ती नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. आता सशाच्या रक्तातील अशी नक्कल बेडकाच्या जिवंत अंड्यात टोचली, तर बेडकाचे अंडे ते पान वाचील काय? वाचून सशाचे प्रथिन तयार करील काय?

परदेशात हे झालेले होते. बंगळूरच्या प्रमुखांनी बाईंना सांगितले होते की, कोल्हापूरच्या बेडकावर, कोल्हापूरच्या खोलीत हे दोनदा करून दाखवा. मग बंगळूरला तुमची जागा राखून ठेवतो. घरी वडिलांनी मुदत घातली होती दिवाळीपर्यंतची. तोवर झाले तर बंगळूर, नाही झाले तर लग्न. बाईंनी हे मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले. मी म्हणालो, "अडचण नाही. दिवाळीला अवकाश आहे."

*

अंड्यात टोचायची सुई काचेची लागे आणि तिचे टोक केसाहूनही बारीक असावे लागे. अशा सुया तयार करणारे यंत्र आमच्याकडे नव्हते. बाई दोन दिवस बर्नरवर काचेच्या नळ्या तापवून ओढीत होत्या. प्रत्येक वेळी टोकाचा लोंबता धागा होई.

माझे वडील गुजरीत सोनारकाम करीत. मी कोल्हापुरी साजाची पाने जोडीत वाढलो. ज्योत ओठांनी फुंकून वळविणे मला वयाच्या दहाव्या वर्षी येत होते. तिसऱ्या दिवशी मी घरून वडिलांची फुंकणी आणली आणि म्हणालो, "बाई, आपण काच ओढता. काच ओढायची नसते. ती सुटू लागली की तिला फक्त वाट द्यायची असते."

त्या दिवशी मी एकवीस सुया केल्या. बाईंनी एकेक सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिली आणि म्हणाल्या, "हे मला शिकवाल का, मास्तर?"

सारे महाविद्यालय मला मामा म्हणे. परिचराला मामा म्हणण्याची तेथे पद्धतच होती. मी बाईंना सांगितले की मी मास्तर नाही. त्या म्हणाल्या, "शिकवणार म्हणजे मास्तरच की."

ही बातमी कार्यालयापर्यंत पोहोचण्यास अर्धा तास लागला. पुढे कित्येक दिवस कारकून मंडळी मला पाहिले की उभी राहत आणि एका सुरात "नमस्ते, मास्तर" म्हणत. मी प्रत्येक वेळी मान लववून नमस्काराचा स्वीकार केला.

*

बेडूक पुरविण्याचे काम शिवाजी पेठेतील बाबू मोरे याच्याकडे होते. हा दिवसा कारखान्यात लेथवर काम करी, संध्याकाळी तालमीच्या संघातून फुटबॉल खेळे आणि सकाळी आमच्यासाठी बेडूक धरी. आम्हाला तळ्याच्या काठचे लहान बेडूक हवे असत. त्यांच्या पोटी बाराही महिने अंडी असतात. बाबूने पहिल्या दिवशी पिशवीभर आणले. बाईंनी तपासले. सगळे नर.

"मादी पाहिजे, बाबू."

"बाई, वळखायची कशी? त्यास्नी काय कुंकू लावल्यालं असतंय व्हय?"

"गळ्याच्या दोन्ही बाजूंना फुगे फुगवून जो ओरडतो तो नर. गप्प बसलेली मादी."

बाबूने विचार केला. "म्हंजे ज्याचा आवाज येतोय त्येला सोडायचं आनि आवाज येत न्हाय तिला धरायचं. काळोखात, पान्यात. आवाज न करणारीला."

"व्हय," बाई म्हणाल्या.

"बाई, गोलकीपर हाय मी. येणारा बॉल धरतो. न येणारा कसा धरू?"

तरी दुसऱ्या दिवशी त्याने नऊ माद्या आणल्या. कशा धरल्या हे त्याने कोणासही सांगितले नाही.

*

सुई अंड्याजवळ नेण्यास हात उपयोगी नव्हता. तेथे स्क्रूने किंचित किंचित सरकणारा एक घोडा, म्हणजे सुई धरून ठेवणारा आधार, हवा होता. तोही बाबूनेच करून दिला. माप घेताना त्याने विचारले, "बाई, एका फेऱ्याला किती सरकायला पाहिजे?"

"केसाच्या जाडीइतकं. जमलं तर त्याहून कमी."

"इंजिन कुठल्या कंपनीचं हाय?"

"बेडकाचं अंडं."

बाबू माझ्याकडे वळला. "मामा, बाई चेष्टा करत्यात का?"

मी त्यास सांगितले की बाई चेष्टा करीत नाहीत आणि वाक्य 'करतात का' असे आहे. पंधरा दिवसांनी त्याने पितळेचा असा घोडा आणून दिला की, तो पाहून बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. त्याची एकच अट होती. त्याला अंडे पाहायचे होते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तो इतका वेळ वाकून राहिला की मी त्याच्या खांद्यास हात लावला.

"अर्धं काळं, अर्धं पांढरं हाय," तो हळूच म्हणाला. "आमच्या संघाचा बॉलबी असाच हाय."

*

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे.

सशाचा तो निरोप फार नाजूक होता. काचेवर हवेतला एखादा कण बसला, कोणाचे उघडे बोट लागले, तरी तो क्षणात तुकडे तुकडे होऊन जाई. म्हणून मी केलेल्या सुया आणि त्या द्रवाचा थेंब ठेवण्याच्या काचेच्या वाट्या बाई रात्रभर भट्टीत तापवीत आणि मग झाकणाच्या पेटीत ठेवीत. त्यांचे शब्द मला पाठ आहेत: "मास्तर, तुमच्या हातून सुई निघाली की भट्टीत. भट्टीतून निघाली की तिला माझ्यासुद्धा उघड्या हाताची बंदी."

त्यांनी शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजे आणले होते. एक जोड त्यांचा. दुसऱ्या जोडाच्या पाकिटावर त्यांनी निळ्या शाईने 'मास्तर' असे लिहिले आणि ते माझ्यापुढे ठेवले.

मी ते परत सरकविले. म्हणालो, "बाई, मी दिवसातून सात वेळा साबणाने हात धुतो. या इमारतीत माझ्या हातांविषयी आजवर कोणी शंका घेतलेली नाही."

त्या हसल्या. "शंका नाही हो. कुणाचेही झाले तरी हातच आहेत म्हणून."

मला ते लागले. मी मोजे घेतले नाहीत. त्यांनी आग्रह केला नाही. पाकीट खणात ठेवून दिले. त्यांना बरे वाटावे म्हणून मी त्याच दिवशी एक पाटी रंगविली, सुवाच्य देवनागरीत: 'या पेटीतील काचेच्या वस्तूंना कोणीही हात लावू नये.' अक्षर इतके वळणदार होते की इतर विभागांनीही माझ्याकडून पाट्या करून नेल्या.

*

पहिला प्रयोग श्रावणात झाला. सुई अंड्यात शिरतेवेळी खोलीत कोणी श्वासही मोठ्याने घेत नसे. बाईंनी चार अंडी नीट टोचली. पाचव्या वेळी दार उघडून आमचे विभागप्रमुख आत आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "काय, काही प्रगती?"

अंडे फुटले.

बाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "आता होती, सर."

*

सशाचे प्रथिन तयार झाले की नाही हे डोळ्यांना दिसत नसे. अंडी ठेवलेल्या पाण्यात किरणोत्सारी खूण केलेले खाद्य घालीत. नवे तयार झालेले प्रथिन ती खूण उचले. मग ते सारे वेगळे करून, वाळवून, अंधारात एक्स-रेच्या फिल्मवर काही दिवस दाबून ठेवायचे. प्रथिन असेल तेथे फिल्मवर काळी रेघ उमटे. नुसते पाणी टोचलेल्या अंड्यांच्या बाजूस रेघ उमटता कामा नये. निरोप टोचलेल्यांच्या, म्हणजे उजव्या, बाजूस उमटली पाहिजे.

आमच्याकडे फिल्म धुण्याची सोय नव्हती. मंगळवार पेठेत शिकलगारभाईंचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो ही त्यांची ख्याती. बाई आणि मी बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळाने पडदा सारून भाई बाहेर आले. चेहरा उतरलेला होता.

"बाई, माफ करा. फोटो बिघडला. मानूस न्हाय, घर न्हाय, काय न्हाय. एक नुसती रेघ आलीया."

"कुठल्या बाजूला, भाई?"

"उजव्या."

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. भाई घाबरले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मामा, जवळच्या कुनाचा फोटो व्हता काय?"

मी म्हणालो, "सशाचा."

भाईंनी त्या दिवशी आम्हा दोघांना चहा पाजला आणि मला आडून सुचविले की बाईंना जरा विश्रांतीची गरज दिसते.

*

विभागप्रमुखांनी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. "एकदा दिसली," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा दाखवा, मी स्वतः बंगळूरला पत्र लिहितो." हे त्यांचे म्हणणे रास्त होते; बंगळूरचीही अट तीच होती.

नळीत आणखी एकदा पुरेल इतकाच द्रव उरला होता. बाईंनी दसरा संपताच, दुसऱ्या दिवशी, प्रयोग करायचे ठरविले. मी छत्तीस सुया केल्या. इतक्या उत्तम सुया मी पूर्वी केल्या नव्हत्या. बाईंनी त्या भट्टीत तापविल्या, पेटीत ठेवल्या आणि दोन दिवसांसाठी गडहिंग्लजच्या एस.टी.त बसल्या. जाताना पेटीची किल्ली माझ्या हातात दिली.

"तुमच्याकडे असली की मला झोप लागते," त्या म्हणाल्या.

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या घरी हत्यारांची पूजा होत आलेली आहे. वडील फुंकणी, चिमटा, तराजू पाटावर मांडीत. ज्या हत्याराला त्या दिवशी हळदकुंकू लागले नाही ते वर्षभर रुसते, असे ते मानीत. मी विज्ञानाची पुस्तके वाचलेला मनुष्य. रुसण्यावर माझा विश्वास नव्हता. परंतु बाईंच्या आयुष्याचा निकाल ज्या सुयांवर लागायचा, त्या सुया तशाच पेटीत पडून राहाव्यात हे मला बरे दिसेना.

मी पहाटे स्नान केले. धूतवस्त्र नेसलो. विभागात जाऊन पुन्हा साबणाने हात धुतले. त्या सकाळी माझ्या हातांइतके स्वच्छ हात कोल्हापुरात दुसरे नसतील. मी पाटी वाचली. ती मीच लिहिली होती. 'कोणीही' या शब्दात मी स्वतः येतो, असे मला खरोखरच वाटले नाही.

पाटावर स्वच्छ पंचा अंथरला. बाबूचा पितळी घोडा मध्ये ठेवला, भोवती वाट्या, पुढे छत्तीस सुया ओळीने. प्रत्येक सुईच्या जाड बाजूस हळदकुंकवाचे बोट लावले. झेंडूचे फूल वाहिले. हात जोडून म्हणालो, "बाईंना यश दे." मग एकेक सुई, एकेक वाटी पंचाने निगुतीने पुसली आणि होती तशी पेटीत लावून ठेवली.

मला फार समाधान वाटले होते, हे मी नमूद करतो.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी सकाळपासून अंडी टोचली. एकही फुटले नाही. त्यांचा हात इतका स्थिर मी पाहिला नव्हता. दुपारी शेवटची सुई त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि तिच्या जाड बाजूकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

मी विचारले, "काय झाले, बाई?"

"काही नाही, मास्तर." त्यांनी ती सुई बाजूला ठेवली. वाटीतला द्रव तोवर संपतच आला होता.

काही दिवसांनी फिल्म धुण्यास पुन्हा शिकलगारभाईंकडे गेलो. या खेपेस भाई पडदा सारून बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा ओली फिल्म हातात धरून होते.

"बाई, मी दोनदा बघितलं," ते म्हणाले. "ह्या वक्ताला रेघबी न्हाय."

महाविद्यालयाच्या फाटकाशी परत आल्यावर बाई म्हणाल्या, "माझाच हात कुठेतरी चुकला असेल, मास्तर."

मी म्हणालो, "होते असे."

त्या दुपारी मी ग्रंथालयात जाऊन बसलो. बाईंनी आणलेल्या नियतकालिकांत एक लेख मी पूर्वी वाचला होता. तो पुन्हा काढला, शब्दकोश घेतला. त्यात लिहिले होते की, निरोपाचे तुकडे करणारे द्रव्य माणसाच्या बोटांच्या कातडीवर असते. साबणाने धुतलेल्या बोटांवरही ते पुन्हा येते, कारण ते कातडीतूनच येते. तो परिच्छेद मी पहिल्या वाचनात वगळला होता. समासात माझ्याच हातची पेन्सिलीची खूण होती: 'सामान्य सूचना. महत्त्वाची नाही.'

दिवाळीला तेव्हा बारा दिवस होते. विभागप्रमुखांना जाऊन मी सांगितले असते की प्रयोग बाईंचा फसला नाही, सुया मी बाटविल्या, तर कदाचित त्यांनी बंगळूरला तसे लिहिले असते. कदाचित दुसरी नळी आली असती. मी रोज ठरवीत असे. रोज सकाळी बाई येत, "मास्तर" म्हणत, आणि त्या शब्दापुढे माझे तोंड उघडत नसे. मामा असतो तर कदाचित सांगून मोकळा झालो असतो.

बारा दिवस गेले.

*

दिवाळीनंतर बाई आपले सामान न्यायला आल्या. गडहिंग्लजला मुलगा पाहिलेला होता. तेथेच कनिष्ठ महाविद्यालयात शिकविण्याचेही ठरत होते. बाबू त्यांची पेटी खांद्यावरून एस.टी. स्टँडवर घेऊन आला. तो म्हणाला, "बाई, आता बेडूक कुनाला देऊ?"

"सोडून दे. गप्प बसणाऱ्या सगळ्या सोडून दे."

"आनि त्यो घोडा?"

"मास्तरांकडे राहू दे."

गाडी लागली. कंडक्टरने आत बसायला सांगितले. मी खिडकीशी उभा राहिलो. मी म्हणालो, "बाई, एक गोष्ट आपणास सांगायची होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. आणि लगेच, मी पुढचा शब्द उच्चारण्यापूर्वी, पिशवीत हात घालून कागदात गुंडाळलेली एक पुडी खिडकीतून माझ्या हातात दिली.

"घरी जाऊन उघडा," त्या म्हणाल्या. "आणि वडिलांची फुंकणी सांभाळा, मास्तर. तसा हात पुन्हा कुणाचा दिसणार नाही मला."

गाडी हलली. बाबूने हात केला. माझ्या दोन्ही हातांत पुडी होती.

घरी येऊन मी ती उघडली. आत हातमोज्यांचे ते पाकीट होते, मी परत सरकविलेले, अजून न फोडलेले. निळ्या शाईत 'मास्तर' हा शब्द तसाच होता. त्याच्या खाली हळदीचे एक बोट आणि कुंकवाचे एक बोट लावलेले होते, आणि दोऱ्याने बांधलेले झेंडूचे एक सुकलेले फूल होते.

त्यानंतर तेवीस वर्षे, निवृत्त होईपर्यंत, त्या खोलीतील खंडेनवमीची पूजा मी हातमोजे घालून केली.